‘छान’च्या पुढे

सई : मामा, आमचे सर प्रत्येक क्रिटमध्ये, म्हणजे एकमेकांच्या कामावरच्या चर्चेत, ‘आधी बघायला शिका’ म्हणतात. सौंदर्यदृष्टी अशी शिकवून येते का रे?

मामा : आवड उपजत असेल, पारख कमवावी लागते. चित्रकार योझेफ आल्बर्स आधी जर्मनीत बाउहाउस या कलाशाळेत शिकवायचे, पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात. नियमांची घोकंपट्टी नाही, थेट रंगीत कागद हातात. एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे घे. एक काळ्यावर ठेव, एक पांढऱ्यावर.

सई : काळ्यावरचा उजळ दिसेल.

मामा : कागद एकच आहे हे ठाऊक असूनही! रंग शेजाऱ्यामुळे बदलतो. आल्बर्स यांच्या १९६३च्या ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ या पुस्तकात असेच प्रयोग आहेत.

सई : पण चांगलं-वाईट कसं ठरवायचं?

मामा : जोडी लावून. ‘टपाल’ लिही, सगळी अंतरं पट्टीने सारखी ठेव. ‘प’ची दांडी आणि काना एकमेकांना खेटल्यासारखे वाटतील, ‘ट’च्या उजवीकडे मात्र मोकळी जागा दिसेल. मग दुसऱ्या कागदावर तोच शब्द नजरेने जुळव. दोन्ही शेजारी लाव, मागे सरक, डोळे किलकिले कर.

सई : दुसरा छान दिसेल.

मामा : ‘छान’ म्हटलंस की बोलणंच खुंटलं. ‘कान्याजवळची दाटी गेली, शब्द एकसंध झाला’ म्हण. मग ते कुणाला खोडता येईल, तुला सुधारता येईल. क्रिट त्यासाठीच असते.

सई : शेवटी सरांचंच खरं ना?

मामा : त्यांची आवड उचललीस तर नुसती नक्कल होईल. काम कुणासाठी, कुठे, ते विचार. सुलेखनकार र. कृ. जोशींचा ‘मंगल’ हा विंडोजमधला फॉन्ट. लग्नपत्रिकेवर तो कोरडा वाटेल, पण पडद्यावरचा मजकूर वाचताना तो कोरडेपणाच कामाचा.

सई : म्हणजे सौंदर्य नुसतं उपयोगाचं?

मामा : नाही गं. वाचता येणारी अक्षरं पुष्कळ, लय असलेली थोडी. ती ओळखायला पोथ्या बघ, दुकानांच्या पाट्या बघ, निर्णयसागर छापखान्याची जुनी पुस्तकं चाळ. आणि बोरूने गिरव. बोरूचा कोन तोच ठेवला तरी रेघ वळताना जाड-बारीक होते, हे हाताला कळलं की डोळ्यालाही दिसू लागतं.

सई : मग पारख आली हे कळणार कसं?

मामा : पुढच्या क्रिटमध्ये तुला अजिबात न आवडलेलं काम निवड आणि त्यातलं काय जमलंय ते कारणांसकट सांग. ते सांगता आलं, की आली समज.