‘नॉर्मल’ रिपोर्ट आला, गोळी थांबवू का?

प्रश्न : बाबांची अँजिओप्लास्टी होऊन वर्ष झालं. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९२ आलंय, रिपोर्ट नॉर्मल. कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू का? – एक वाचक, मनोर

उत्तर : अजिबात नको! ९२ आलंय ते गोळी चालू आहे म्हणून. लॅबच्या कागदावरचं ‘१००च्या आत’ हे निरोगी माणसासाठी. स्टेंट बसलेल्यांचं एलडीएल ५५च्या खाली हवं, असं कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४मध्ये सांगितलं आहे. म्हणजे बाबांचे उपचार वाढवायला हवेत. डॉक्टर अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचा डोस वाढवतील किंवा जोडीला इझेटिमाइब देतील. ४ ते १२ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा. ट्रायग्लिसराइड्स फार वाढलेले नसतील, तर उपाशीपोटी राहायची गरज नाही. तपासणीसाठी पालघरची एसटी गाठताना म्हाताऱ्या माणसाला भुकेलं ठेवू नका. गोळीमुळे पोटऱ्या, मांड्या दुखल्या तरी ती मनाने सोडू नका, डॉक्टरांना सांगा. लघवी काळपट झाली, तर त्याच दिवशी दाखवा.