परसबागेचे उन्हाळी पाणी

वैशाखात आड आटू लागला म्हणजे परसबाग राखणे कठीण होते. 2019 च्या उन्हाळ्यात आम्ही रोज सकाळी प्रत्येक झाडास तांब्याभर पाणी घालीत असू. तरी वांगी वाळली व लिंबोणी पाने गाळू लागली. माती उकरून पाहता ओल बोटभरही खाली उतरली नव्हती. वरच्यावर असलेली ती दुपारच्या उन्हाने उडून जाई. तेव्हा भाजीचा मोह सोडून आम्ही लिंबोणी तेवढी राखिली. बुंध्यास पाणी लागल्यास डिंक्या रोग होतो, म्हणून बुंध्याशी मातीची भर देऊन बाहेरून आळे केले. दर चौथ्या दिवशी सायंकाळी दोन घागरी पाणी देऊन वर पाचट पसरले. मृगापर्यंत लिंबोणी तगली. सबब पाणी थोडे असल्यास झाडे थोडी राखावीत. परंतु ओल मुळापर्यंत पोहोचवावी.