कथाचित्रकाराची वाट

(बी. ए. तृतीय वर्ष)

वार्षिकांक हाती पडला की आपण प्रथम काय करतो? खरे सांगायचे तर वाचत नाही, पाने उलटतो. पाने उलटता उलटता नजर अडते ती चित्रावर. चित्र आवडले तर कथेचे शीर्षक पाहतो, मग लेखकाचे नाव आणि मग कुठे पहिली ओळ. म्हणजे कथेच्या उंबऱ्यावर वाचकाला पहिल्यांदा भेटतो तो लेखक नव्हे, चित्रकार. आणि तरीही कथेचा लेखक आपल्याला आठवतो, चित्रकाराचे नाव मात्र कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांतच राहते.

प्रस्तुत लेखात मी या कोपऱ्यातल्या माणसाच्या कामाचा थोडा अभ्यास मांडणार आहे. तसा माझा अधिकार फारसा नाही. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, आणि गेली तीन वर्षे परभणीतल्या एका छापखान्यासाठी लग्नपत्रिकांची आणि जाहिरातींची चित्रे नगावर काढून देतो, एवढीच शिदोरी. पण गेल्या वर्षी एका मित्राच्या कथेसाठी चित्र काढताना मी असा काही आपटलो, की कथाचित्र म्हणजे काय हे मुळापासून शिकणे भाग पडले.

परंपरा आणि दोन वाटा

गोष्टीबरोबर चित्र ही काही छापखान्याने आणलेली नवलाई नव्हे. आपल्या मराठवाड्यातच अजिंठ्याचे सतरावे लेणे आहे. तिथल्या भिंतींवर जातककथा रंगवलेल्या आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या पिंगुळीचे चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरून कथा सांगत. छापखाना आला तेव्हा एकच मोठा फरक पडला. चित्रकथी स्वतः समोर बसलेला असे. कुठले चित्र केव्हा दाखवायचे हे त्याच्या हाती होते. छापलेल्या पानावरचे चित्र मात्र वाचकाला कथेच्या आधीच दिसून जाते. हा फरक लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

मराठीत हे काम ज्यांनी घराघरांत नेले त्यांत दीनानाथ दलाल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचा जन्म १९१६ साली गोव्यात मडगाव येथे झाला. मुंबईत त्यांनी कलाशिक्षण घेतले आणि तिथेच स्वतःचा स्टुडिओ उभा केला. १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. १९७१ साली, वयाच्या अवघ्या चोपन्नाव्या वर्षी ते गेले. पुस्तकांची मुखपृष्ठे, कथाचित्रे, रंगीत चित्रे असे सर्व प्रकार त्यांनी हाताळले. जुन्या अंकांतील त्यांची चित्रे पाहताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. विषय पौराणिक असो की चाळीतला, त्यांची रेषा अडखळत नाही. परंतु मला त्यांच्या रेषेइतकेच महत्त्व वाटते ते त्यांच्या व्यवहाराचे. इतरांची कामे घेणाऱ्या चित्रकाराने स्वतःच अंक काढला, म्हणजे आपल्या चित्राला कुठले पान आणि किती जागा मिळावी हे ठरविण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे घेतला.

दुसरी वाट वसंत सरवटे यांची. जन्म १९२७, कोल्हापूर. मृत्यू २०१६, मुंबई. व्यवसायाने ते स्थापत्य अभियंता. सिमेंट उद्योगातील ए.सी.सी. कंपनीत त्यांनी नोकरी केली आणि चित्रे काढली ती नोकरी सांभाळून. ‘ललित’ मासिकाच्या दिवाळी अंकांची त्यांची मुखपृष्ठे मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांना परिचित आहेत. जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने ‘ललित’मध्ये सदर लिहीत. त्या नावाला हातोडा घेतलेली मूर्ती दिली ती सरवट्यांनी. लेखकाने नाव निर्माण केले आणि चित्रकाराने माणूस! पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधली त्यांची चित्रे पाहावीत. चेहऱ्याच्या तपशिलापेक्षा माणसाची उभे राहण्याची, बसण्याची ढब त्यांनी पकडली आहे. सरवट्यांना ‘रेषालेखक’ म्हटले जाते ते याच अर्थाने. आपल्या शेजारच्या नांदेडचे कथाकार मधुकर धर्मापुरीकर यांनी व्यंगचित्रकलेवर आस्थेने लेखन केले आहे. ज्यांना या विषयात पुढे जायचे आहे त्यांनी ते जरूर वाचावे.

एकाने चित्रकलेवर संसार उभा केला, दुसऱ्याने संसाराची सोय वेगळी लावून चित्रकला केली. दोन्ही वाटा मराठीतल्याच आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

ठशाची शिस्त

आज आम्ही चित्र काढतो, त्याची संगणकावर प्रतिमा घेतो आणि ते ऑफसेटवर छापले जाते. जुन्या चित्रकारांना मात्र ठशाचा विचार करूनच ब्रश उचलावा लागे. खिळे जुळवून छपाई होई त्या काळी चित्राचा जस्ताचा ठसा, म्हणजे ब्लॉक करावा लागे. काळ्या शाईतल्या रेखाचित्राचा फोटो घेऊन तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवीत आणि रेषा नसलेला भाग आम्लाने खात नेत. हा लाइन ब्लॉक. त्यात काळे आणि पांढरे एवढेच असे, मधली करडी छटा नसे. छटा हवी तर हाफटोन ब्लॉक, म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. तो महाग पडे आणि हलक्या कागदावर ठिपके शाईने बुजून चित्र काळवंडे.

यातून चित्रकारांनी काही नियम शिकून घेतले. चित्र छापायचे त्याच्या दीडपट-दुप्पट काढावे, म्हणजे लहान होताना हाताची थरथर झाकली जाते. रेषा फार जवळ घेऊ नयेत, त्या छपाईत एकमेकींना चिकटतात. करडी छटा हवी असेल तर ती आडव्यातिडव्या रेघांनी किंवा टिंबांनी आणावी. जुन्या अंकांतील चित्रे आज इतकी नेटकी वाटतात याचे निम्मे श्रेय या बंधनाला आहे असे माझे मत आहे. जिथे प्रत्येक रेषेला खर्च येतो तिथे रेषा विचार करूनच येते.

माझी फजिती

आता माझ्या आपटण्याविषयी. मित्राची कथा दुष्काळावर होती. एक शेतकरी चाऱ्याअभावी आपला बैल बाजारात नेऊन विकतो आणि रिकामा कासरा हातात घेऊन घरी येतो, एवढीच घटना. संपादक सरांनी चित्रासाठी आठ दिवस दिले होते. मी ते एका रात्रीत काढले. मुंबईच्या जुन्या दिवाळी अंकातला एक बैल समोर ठेवला, मागे उतरत्या कौलांचे घर काढले, आणि पुढे व्यापारी नोटा मोजतो आहे, शेतकरी डोळे पुसतो आहे, असा प्रसंग घेतला. हात बरा चालला होता. मी खूष होतो.

गावी गेलो तेव्हा आजोबांना ते दाखवले. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “बैल झकास काढलास बाबा. पण हा आपल्या गोठ्यातला न्हाई. ह्यो खिल्लार हाय. आन् हे कौलाचं घर कुनाचं? आपल्याकडं माळवद असतंय की.”

त्या दोन वाक्यांत माझे सगळे चित्र कोसळले. खिल्लार बैल पांढरट, उंच, मागे जाऊन वर उठलेल्या टोकदार शिंगांचा. आमच्याकडचा लाल कंधारी गडद तांबडा, बसक्या बांध्याचा, बेताच्या वळणदार शिंगांचा. ज्या बैलाला मी लहानपणी रोज पाणी दाखवले तो मला आठवला नाही, आणि न पाहिलेला बैल मी सफाईने काढला! कथा परभणीची आणि चित्र भलत्याच मुलखाचे. नक्कल करणाराचा हात शिकतो, पण डोळा मात्र आंधळा होत जातो, हा धडा मला त्या दिवशी मिळाला.

पुन्हा काढायला बसलो तेव्हा बैलाच्या रंगाने पुढचा प्रश्न उभा केला. पांढरा बैल कागदावर नुसत्या बाह्यरेषेत भागतो. तांबडा बैल काळ्या शाईत दाखवायचा तर त्याचे अंग रेघांनी भरावे लागते. तसे भरल्यावर त्याच्या गळ्यातले दावे आणि वेसण ही कोरी, पांढरी राहून उठून दिसू लागली. कथा ज्या दोरीवर संपते ती दोरीच चित्रात आपोआप पुढे आली! खरे तपशील शोधताना अर्थ असा हाती लागतो, हे मी कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते.

क्षणाची निवड

परंतु खरी चूक बैलाची नव्हतीच, ती प्रसंगाची होती. मी वर म्हटले की छापलेले चित्र कथेच्या आधी दिसते. मी विक्रीचा प्रसंग काढला, म्हणजे मित्राने चार पाने राखून ठेवलेली गोष्ट पहिल्या पानावरच सांगून टाकली. शिवाय डोळे पुसणारा शेतकरी काढून वाचकाला आधीच बजावले की इथे रडायचे आहे.

म्हणून कथा पुन्हा तीनदा वाचली आणि प्रत्येक वेळी पेन्सिलीने फक्त दिसणाऱ्या गोष्टींखाली खुणा केल्या. तिसऱ्या वाचनात एक ओळ सापडली, जी मी आधी ओलांडून गेलो होतो. बाजाराच्या दिवशी पहाटे शेतकरी प्यायच्या पाण्याच्या घागरीतून बैलाला धुतो. दुष्काळात, माणसाच्या तोंडचे पाणी! मी तेच काढले. अंगणात माळवदाची भिंत, बैल, त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा असलेला माणूस, पायाशी घागर आणि दाराच्या चौकटीत त्याची बायको. तिचा चेहरा मी काढला नाही.

कथा न वाचता हे चित्र पाहणाऱ्याला वाटते की पोळ्याची तयारी चालली आहे. कथा वाचून तो परत या पानावर आला की तेच चित्र त्याला निराळे दिसते. अंक निघाल्यावर मित्र एवढेच म्हणाला, “हे धुण्याचं मी सहज लिहिलं होतं. आता तेच कथेत मोठं वाटतं.” चित्राने कथेची पुनरुक्ती करू नये, तिच्याकडे दुसऱ्या खिडकीतून पाहावे, हे मला यापुढे कुणी शिकवायला नको.

व्यवहाराची बाजू

शेवटी थोडे पोटापाण्याविषयी, कारण ते टाळून या कामाचा अभ्यास पुरा होत नाही. स्वतंत्र चित्रकाराला पगार नसतो, रजा नसते. दिवाळीआधी कामांची झुंबड आणि पावसाळ्यात शुकशुकाट. मागे एकाने माझ्याकडून सात चित्रे करून घेतली. पैसे निम्मे दिले आणि मूळ चित्रे ‘हरवली’ म्हणून सांगितले. कागदावर काहीच नव्हते, त्यामुळे बोलायला तोंड नव्हते.

त्यानंतर मी १९५७ चा कॉपीराइट कायदा पाहिला. कलाकृतीचा पहिला हक्क सामान्यतः कलावंताचा असतो. पण कलम १७ मध्ये अपवाद आहेत. मोबदला देऊन सांगून करवून घेतलेल्या रंगचित्रावर किंवा व्यक्तिचित्रावर, उलट करार नसेल तर, पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा ठरतो. नोकरीत केलेल्या कामाचा सामान्यतः मालकाचा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, असे कलम १९ सांगते. तेव्हा चित्रे काढणाऱ्या माझ्या मित्रांनी चार ओळींची चिठ्ठी करावी: किती चित्रे, किती पैसे, कितीदा छापणार, मूळ चित्र परत कधी. ही चिठ्ठी अविश्वासाची खूण नाही. कामाला काम म्हणून मान देण्याची ती पहिली पायरी आहे.

घरी मला विचारतात, “पुढे काय करणार?” दलालांची वाट की सरवट्यांची, याचे उत्तर अजून माझ्यापाशी नाही. बहुधा नोकरी शोधीन आणि रात्री चित्रे काढीन. पण एक ठरले आहे. परभणीच्या कथेत परभणीचाच बैल उभा राहील. यंदाच्या अंकातही माझी दोन चित्रे आहेत. वाचकांनी कथा वाचून झाल्यावर पुन्हा एकदा त्या पानांवर यावे, आणि काही चुकले असेल तर माझ्या आजोबांसारखे स्पष्ट सांगावे.