द्वारकेवरून जाणारा घाटांचा रस्ता

नाशिक शहरांत द्वारका चौकापाशीं मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता एकमेकांस मिळतात. उड्डाणपुलावरून व त्याच्या खालून तेथें अहोरात्र वाहनांची रांग चाललेली असते. ती कोठून येते व कोठें जाते हें समजून घेतलें, तर भूगोलाचा एक मोठा धडा आपणांस घराजवळच मिळेल.

मुंबईहून निघालेला हा रस्ता कोंकणपट्टींतून कसाऱ्यास येतो. तेथें सह्याद्रि भिंतीसारखा आडवा उभा आहे. परंतु त्या भिंतींत निसर्गानें एक खिंड ठेविली आहे. तोच थळघाट, त्यासच कसारा घाट असेंहि म्हणतात. तो चढून इगतपुरीस आलों म्हणजे आपण समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर पोहोंचतों. १८६५ सालीं आगगाडीचा मार्गहि याच घाटानें वर आला. त्याचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका उभा असल्यामुळें गाड्यांस जादा इंजिनें लावण्याची वहिवाट पडली.

नाशिक सोडल्यावर पिंपळगांव बसवंत मागें टाकून रस्ता चांदवडाजवळ सातमाळा डोंगर ओलांडतो. पुढें मालेगांव व धुळें करून तो तापीपार होतो. सेंधव्याजवळच्या बिजासन घाटांत सातपुडा, खलघाट येथें नर्मदा आणि मानपुराजवळ विंध्याद्रीची चढण लागते. वर माळव्याचें काळ्या मातीचें पठार. मग इंदूर, शिवपुरी व ग्वाल्हेर येथून जाऊन, चंबळा नदीच्या खोल घळींचा मुलूख उतरून, धोलपुरावरून आग्रा येतें. सर्वत्र नियम एकच : खिंड असेल तिकडे रस्ता वळतो.

आतां हा नियम मोडण्याचें सामर्थ्यहि मनुष्यानें मिळविलें आहे. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा असून तो ५ जून २०२५ रोजीं संपूर्ण खुला झाला. आपल्याच जिल्ह्यांतील इगतपुरीजवळ तो जवळजवळ ८ किलोमीटर लांबीच्या जोड बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटांतून जातो.

परंतु डोंगर फोडला म्हणजे रस्त्याचें काम पुरें झालें काय ? नाशकाबाहेर याच मुंबई रस्त्यालगत पांडवलेणीं आहेत. तेथील एका लेण्यांत नहपान राजाचा जांवई उषवदात याचा शिलालेख आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक या ठिकाणीं त्यानें निवासस्थानें बांधलीं आणि तापी, दमणा इत्यादि नद्यांवर विनामूल्य नावा ठेविल्या, असें त्यांत नमूद आहे. म्हणजे सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींहि वाटसरूची सोय करणें हें दगडावर कोरून ठेवण्याजोगें पुण्य मानीत असत.

प्रभु येशूनें सांगितलेला दयाळू शोमरोन्याचा दाखला आपणां सर्वांस ठाऊक आहे. तोहि यरुशलेमाहून यरीहोस उतरणाऱ्या डोंगरी वाटेवरचाच. जखमी मनुष्यास पाहून दोघे बाजूनें निघून गेले. तिसरा मात्र थांबला. आज अपघात पाहून पुष्कळ लोक पोलिसी चौकशीच्या भीतीनें पुढें होत नाहींत. ही भीति आतां निराधार आहे. मोटार वाहन कायद्यास २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें, जो सद्भावनेनें जखमीस साहाय्य करतो त्यास कायद्याचें संरक्षण मिळालें आहे. आपलें नांव सांगण्याचीहि त्याजवर सक्ती नाहीं. रुग्णवाहिकेसाठीं १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरील साहाय्यासाठीं १०३३ हे आंकडे प्रत्येक विद्यार्थ्यानें तोंडपाठ करावे. अपघातानंतरचा पहिला तास जखमीच्या जिवाच्या दृष्टीनें फार मोलाचा असतो.

पालकांसहि दोन शब्द. घाट उतरतांना गाडी खालच्या गिअरांत ठेवावी. केवळ ब्रेकवर भिस्त ठेविली तर ते तापून निकामी होतात. द्वारकेसारख्या चौकांत मुलांचा हात धरून, वाहनें थांबल्याची खात्री करून मगच रस्ता ओलांडावा. पुस्तकांतील नियमापेक्षां वडील माणसांचें वागणें मुलें लवकर उचलतात. डोंगरांतून वाट काढणें हें इंजिनियरांचें काम आहे. त्या वाटेवरून प्रत्येकजण सुखरूप घरीं पोहोंचावा हें पाहणें तुमचें आमचें आहे.