वणव्याने गवत चांगले येते काय?

होळीच्या सुमारास सह्याद्रीच्या उतारांवर रात्री आगीच्या माळा दिसू लागतात. आपोआप लागणारे वणवे विरळाच. बहुतेक माणसाच्या हातून लागतात. कोठे राब भाजताना ठिणगी बांधापलीकडे जाते, कोठे विडीचे थोटूक पडते. पुष्कळ ठिकाणी तर ‘जाळले म्हणजे गवत जोमाने येते’ या समजुतीने डोंगर मुद्दाम पेटविला जातो. ही समजूत शेतकरी बंधूंनी एकदा तपासून पाहावी.

जळालेल्या माळावर हिरवे कोंब आधी दिसतात, हे खरे. बहुवर्षीय गवताचे डोळे बुडख्यात, जमिनीलगत असतात. मातीत उष्णता फार खोल जात नाही, म्हणून बुडखा वाचतो. परंतु हे कोंब राखेच्या खतावर नव्हे, तर मुळांत साठलेल्या अन्नावर फुटतात. त्यांवर लगेच जनावरे सोडली की साठा संपतो व ठोंब दुबळा होतो. गवतातील बराचसा नत्र धुराबरोबर उडून जातो. पालाश राखेत उरतो खरा, पण उघड्या उतारावरची राख वळवाच्या पहिल्या सरीबरोबर ओढ्याला लागते आणि तिच्यामागून मातीही जाते.

फायदा होतो तो कुसळीचा. तिच्या बियाला टोकदार नाक आणि पीळदार कूस असते. हवेतील ओलाव्याप्रमाणे कूस पिळते, उलगडते आणि बी मातीत रुतत जाते. वरून आग गेली तरी ते सुरक्षित राहते. पुष्कळ गवतांचे बी मात्र पाचोळ्यात वरच पडून असते, ते जळते. त्यामुळे वर्षानुवर्षे जाळलेल्या आणि चराईचा ताण असलेल्या माळावर मारवेल, पवन्या मागे पडून कुसळी माजते. कुसळे धरल्यावर तिला जनावर तोंड लावत नाही, आणि मेंढ्यांच्या कातडीत कुसळे रुततात ती वेगळीच.

कारवीचे नुकसान त्याहून मोठे. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. तिची सुकी बोंडे पुढच्या पावसाळ्याच्या ओलाव्याने तडकून बी उधळतात. त्याच उन्हाळ्यात वणवा लागला, तर वाळलेली कारवी बियांसकट जळते.

वणव्याच्या कडेला कोतवाल आणि घारी किडे टिपायला जमतात. ते पाहून आगीने पाखरांचे पोट भरते, असे सांगणारेही भेटतात! परंतु याच दिवसांत टिटवी उघड्या जमिनीवर, तर चंडोल गवताच्या ठोंबाआड अंडी घालतो. मोठी पाखरे उडून जातात. अंडी व पिले कोठे जाणार? सशाची पिले, घोरपडी, कासवे यांचीही तीच गत. उंदीर खाणारी धामण गवतात होरपळते, आणि उंदीर बिळात वाचतो.

यासाठी गवत फुलोऱ्यात असतानाच कापून गंजी रचावी. चारा सकस मिळतो आणि आगीला खाद्य उरत नाही. जानेवारीअखेर माळाच्या कडेने तीन-चार मीटर रुंदीची जाळरेषा साफ करावी. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे, हेही ध्यानात असावे. राब भाजायचाच झाल्यास वारा पडलेला असताना, पाणी व ओल्या डहाळ्या हाताशी ठेवून भाजावा आणि निखारे पुरते विझल्यावरच शेत सोडावे.