रंगीत खडे जुळवा, पण खर्च आधी ठरवा

एका रंगाचे तीन खडे शेजारी आणले की ते फुटतात, त्यांच्या जोरावर आपला योद्धा समोरच्यावर वार करतो, जिंकलं की त्याची ताकद वाढते आणि संग्रहात नवं कार्ड येतं. कोडं, कार्डांचा संग्रह आणि भूमिका घेऊन खेळायचं साहस, या तिन्हींची ही मिसळ मला मनापासून आवडते. लोकलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर किंवा रात्री मागचं आवरून झाल्यावर दहा मिनिटांचा एक डाव डोकं ताजं करतो.

याच आवडीपायी मी एकदा तीन महिन्यांत 99 रुपयांच्या 48 खरेद्या केल्या. खात्याचं विवरण उघडून बेरीज केली तेव्हा आकडा निघाला 4,752 रुपये. त्यातली एकही खरेदी करताना हात अडखळला नव्हता. तेव्हापासून मी हे खेळ हिशेब ठेवून खेळतो, आणि माझा आनंद कमी झालेला नाही. या खेळांतली गंमत जवळजवळ फुकट मिळते, पैसे मोजावे लागतात ते घाईचे. तो हिशेब कसा ठेवायचा, ते पुढे देतो आहे.

पैसा खेळात कुठून शिरला

2007 मध्ये आलेल्या ‘पझल क्वेस्ट’ने खडे जुळवणं आणि योद्धा घडवणं यांची सांगड लोकप्रिय केली. तो खेळ एकदा विकत घ्यायचा आणि संपेपर्यंत खेळायचा, असा साधा व्यवहार होता. 2012 मध्ये जपानमध्ये ‘पझल अँड ड्रॅगन्स’ आला आणि व्यवहार पालटला. खेळ मोफत झाला, पण दुर्मीळ राक्षस मिळवायचा तर ‘गाचा’ फिरवायचा. गाचा हा शब्द जपानमधल्या खेळण्यांच्या यंत्रावरून आला: नाणं टाका, मूठ फिरवा, आत काय निघेल ते नशीब. बबलगमच्या वेष्टनातून आपल्या आवडत्या क्रिकेटपटूचं कार्ड निघतंय का, म्हणून धडधडत्या छातीने कागद सोडवलेल्यांना ही ओढ समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच, की तेव्हा खिशातली चिल्लर संपली की आपण थांबायचो. फोनमध्ये यूपीआय जोडलेलं असतं.

एक नमुना: मोफत किती मिळतं

उदाहरणासाठी ‘एम्पायर्स अँड पझल्स’ घेऊ. हेलसिंकीच्या स्मॉल जायंट गेम्स या कंपनीने तो 2017 मध्ये आणला. डिसेंबर 2018 मध्ये झिंगा या खेळ-कंपनीने स्मॉल जायंटचा 80 टक्के हिस्सा 56 कोटी डॉलरना घ्यायचं जाहीर केलं. मोफत खेळाच्या दुकानात किती उलाढाल होते, याचा अंदाज एवढ्यावरून येतो.

खेळाची पाटी सात स्तंभ आणि पाच ओळींची. आपले पाच योद्धे, प्रत्येकाचा एक रंग. लाल खडे जुळले की लाल योद्ध्याची ताकद भरते आणि वर उभ्या शत्रूवर वार होतो. चार जुळले तर आजूबाजूचे खडे फोडणारा खास खडा तयार होतो, पाच जुळले तर त्या रंगाचे सगळे खडे साफ करणारा. लाल हिरव्याला भारी, हिरवा निळ्याला, निळा लालला. पिवळा आणि जांभळा एकमेकांना भारी.

हे सगळं पहिल्या दिवसापासून मोफत आहे, आणि खरं कौशल्यही इथेच आहे. शत्रू हिरवा असेल तर चमूत तीन लाल योद्धे घ्या. खास खडा तयार होताच फोडू नका, गरजेच्या वेळेसाठी राखा. शक्यतो पाटीच्या खालच्या भागात जुळणी करा, म्हणजे वरून पडणारे खडे आपोआप जुळण्याची शक्यता वाढते. तीन-चार ताऱ्यांचे (तारे जितके जास्त, तितका योद्धा दुर्मीळ) योद्धे नीट वाढवले तर खेळाचा बराच मोठा भाग त्यांच्या बळावर पार होतो. पाच ताऱ्यांचं कार्ड हाती नाही म्हणून खेळ अडत नाही.

पैसे कुठे कुठे जातात

या जातीच्या बहुतेक खेळांत खर्चाची दारं सारखीच असतात.

*ऊर्जा:* प्रत्येक डावाला ठरावीक ऊर्जा लागते, ती वेळेनुसार आपोआप भरते. पैसे देऊन लगेच भरता येते. हा सर्वांत जास्त वाया जाणारा खर्च, कारण दोन-तीन तास थांबलं तर तीच वस्तू फुकट मिळते.

*बांधकामाचा वेळ:* इमारत किंवा योद्धा तयार व्हायला तास, पुढे पुढे दिवस लागतात. पैसे देऊन वेळ कापता येतो. इथेही विकत मिळते ती घाईच.

*महिन्याचा किंवा हंगामाचा पास:* ठरावीक रक्कम भरा आणि रोज थोडं थोडं साहित्य मिळवा. काय मिळणार ते आधी लिहिलेलं असतं, म्हणून नियमित खेळणाऱ्यासाठी हा त्यातल्या त्यात सरळ सौदा. पण रोज खेळलात तरच तो वसूल होतो. परीक्षा किंवा गावाकडचं लग्न तोंडावर असेल तर त्या महिन्यात घेऊ नका.

*एकदाचे सवलत-गठ्ठे:* ‘फक्त 24 तास’, ‘80 टक्के सूट’ असे फलक डावाच्या मध्येच येतात. सूट कोणत्या मूळ किमतीवर आहे ते बघा. सोपी पद्धत म्हणजे रुपयांना जेम्सच्या, म्हणजे खेळातल्या चलनाच्या, संख्येने भागा आणि एका जेमचा दर काढा. तो दर नेहमीच्या दुकानातल्या दरापेक्षा खरोखर कमी असेल तरच तो सौदा.

*कार्डांची सोडत:* म्हणजेच वरचा गाचा. सर्वांत जास्त पैसा इथे जातो. तिचा हिशेब वेगळा करायला हवा.

एका कार्डाची खरी किंमत

डिसेंबर 2017 पासून ॲपलने सोडतीतल्या शक्यता खरेदीआधी दाखवणं बंधनकारक केलं, पुढे गूगल प्लेनेही तोच नियम आणला. त्यामुळे सोडतीच्या पडद्यावर ‘i’ किंवा प्रश्नचिन्हाचं छोटं बटण असतं. ते आधी दाबा.

समजा, हव्या त्या कार्डाची शक्यता 1 टक्का आहे. ‘म्हणजे 100 वेळा उघडलं की मिळणार’ असं वाटतं, पण तसं होत नाही. प्रत्येक सोडत स्वतंत्र असते. 100 वेळा उघडूनही साधारण 37 टक्के खेळाडू रिकाम्या हाताने राहतात. मिळण्याची शक्यता निम्म्यावर यायला 69 सोडती लागतात, आणि 90 टक्क्यांवर जायला सुमारे 230.

आता रुपये लावू. एका सोडतीला 150 रुपयांचे जेम्स लागतात असं धरलं, तर निम्म्या शक्यतेसाठी 10,350 रुपये आणि 90 टक्क्यांसाठी 34,500 रुपये. तुमच्या खेळातले आकडे वेगळे असतील, गणित हेच राहील. काही खेळांत ठरावीक सोडतींनंतर चांगलं कार्ड नक्की देण्याची हमी असते. तसं असेल तर त्या संख्येला सोडतीच्या दराने गुणा. तो आकडा म्हणजे त्या कार्डाची जास्तीत जास्त किंमत.

‘ही पाच कार्डं जमवा, सहावं बक्षीस’ अशी योजना दिसली तर जास्त सावध व्हा. शेवटचं एक कार्ड राहिलं की थांबवत नाही. जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने 2012 मध्ये असा संच पूर्ण करायला लावणारा ‘कंप्लीट गाचा’ कायद्याच्या विरुद्ध ठरवला, तो याच कारणाने.

माझा नियम असा: सोडत फक्त खेळात कमावलेल्या जेम्सवर, रुपयांवर कधीच नाही. जेम्स साठवून महिन्याअखेरीस दहा कार्डं एकदम उघडण्यात जी मजा आहे, ती रोज एक उघडण्यात नाही.

महिन्याचं बजेट: तीन पातळ्या

*शून्य रुपये:* पहिले दोन महिने इथेच राहा. दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं खेळा, रोजची बक्षिसं घ्या, चांगला संघ शोधून त्यात सामील व्हा. ‘एम्पायर्स अँड पझल्स’मध्ये एका संघात 30 पर्यंत खेळाडू असतात. जुन्या खेळाडूचा सल्ला कुठल्याही गठ्ठ्यापेक्षा उपयोगी पडतो.

*200 ते 300 रुपये:* दोन महिन्यांनीही आवड टिकली तर एवढ्या पैशात बसणारा एखादा पास. एका वेळी एकाच खेळात.

*500 रुपये:* माझ्या मते नोकरदार माणसाने छंद म्हणून लावायची ही वरची मर्यादा. दोघांनी मिळून एक सिनेमा पाहायचा तर एवढा खर्च होतोच. याच्या वर जायचं असेल तर घरात सांगून जा. सांगायला संकोच वाटला तर तो खर्च करू नका.

फोनला आधीच कुलूप

खेळ उतरवण्याआधी प्ले स्टोअरवरच्या त्याच्या माहितीत ‘इन-ॲप खरेदी’ची किमान आणि कमाल किंमत लिहिलेली असते, ती वाचा. मग ही चार कामं करा.

1. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं ठरवा. आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’मधून इन-ॲप खरेदी पूर्ण बंद करता येते.

2. प्ले स्टोअरमध्ये महिन्याचं बजेट लिहिता येतं. मात्र ते फक्त इशारा देतं, खरेदी अडवत नाही.

3. खरी मर्यादा हवी असेल तर कार्ड आणि यूपीआय खात्यातून काढून टाका आणि ठरलेल्या रकमेचा रीचार्ज कोड भरा. शिल्लक संपली की खरेदी संपली.

4. पास दरमहा आपोआप नूतन होतो का ते तपासा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यायला हवी. तो संदेश न वाचता पुसू नका. यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’ यादीतून परवानगी रद्द करता येते.

मुलांच्या हातात फोन देत असाल तर त्यांचं वेगळं खातं काढा आणि खरेदीची मंजुरी स्वतःकडे ठेवा. मुलांना रागावण्यापेक्षा त्यांच्याशेजारी बसून वरचं 69 सोडतींचं गणित सोडवा. ते त्यांना पटकन कळतं.

पैसे चुकून गेले तर

गूगल प्लेवर 48 तासांच्या आत परताव्याची विनंती करा. खरेदी तुम्ही किंवा ओळखीच्या कुणी केलीच नसेल, तर 120 दिवसांपर्यंत तक्रार नोंदवता येते. ॲपलसाठी त्यांच्या ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ पानावरून अर्ज करायचा. पावतीचा ईमेल आणि पडद्याचं छायाचित्र जपून ठेवा.

खोटी घड्याळं लावून घाई करणं, सदस्यत्वातून बाहेर पडू न देणं, अशा 13 फसव्या पद्धतींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढून बंदी घातली आहे. असा अनुभव आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार करा.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: जमवलेली कार्डं आपल्या मालकीची नसतात. निन्टेंडोच्या ‘डॉ. मारिओ वर्ल्ड’ या कोडे-खेळात डॉक्टर गोळा करायचे असत. जुलै 2019 मध्ये सुरू झालेला तो खेळ 1 नोव्हेंबर 2021 ला बंद झाला. सव्वादोन वर्षांत जमवलेला संग्रह तिथेच थांबला. म्हणून खर्च करताना तो सिनेमाच्या तिकिटासारखा समजा, सोन्यासारखा नाही.

एकदाच पैसे भरायचे असतील तर

सोडत आणि ऊर्जा यांचा जाच नकोच असेल, तर एकदा विकत घ्यायचे खेळही आहेत. 2012 चा ‘10000000’ आणि त्याचा पुढचा भाग ‘यू मस्ट बिल्ड अ बोट’ (2015) यांत खडे जुळवत पुढे धावायचं, लढायचं आणि ताकद वाढवायची. खेळ सुरू केल्यावर पुन्हा पैसे मागितले जात नाहीत. ज्यांना खर्च एका आकड्यात बांधायचा आहे, त्यांनी सुरुवातच इथून करावी.

बटण दाबण्याआधी

माझ्या टेबलावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर तीन प्रश्न आहेत. ही वस्तू थांबून फुकट मिळेल का? काय मिळणार ते लिहिलेलं आहे, की नशिबावर आहे? या महिन्याचे किती रुपये उरले? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं, दुसऱ्याचं ‘नशिबावर’ किंवा तिसऱ्याचं ‘शून्य’, तर फोन खाली ठेवायचा. ऊर्जा भरेपर्यंत दोन-तीन तास जातात, आणि तेवढ्या वेळाने पाटी पुन्हा उघडली की खडे तितकेच छान जुळतात.