'ग्रब रेस्क्यू' म्हणजे डिस्क गेली असं नव्हे

भाचा डिप्लोमाला होता तेव्हा प्रॅक्टिकलसाठी त्याने घरच्या डेस्कटॉपवर विंडोजच्या शेजारी उबुंटू टाकलं. पुढे तो नोकरीला बंगळूरला गेला, उबुंटू मात्र इथेच राहिलं. दाजींच्या खत-बियाण्यांच्या दुकानाची टॅली त्याच संगणकावर. रोज सकाळी चालू केला की आधी यादी यायची आणि सर्वांत वर उबुंटू. दहा सेकंदांत बाण खाली नेऊन विंडोज धरलं नाही तर उबुंटू उघडायचं आणि पासवर्ड मागत बसायचं. तो पासवर्ड बंगळूरला! त्यातून घड्याळाची कटकट वेगळीच. लिनक्स साधारणपणे मदरबोर्डवरची वेळ जागतिक प्रमाणवेळ धरतं, विंडोज ती स्थानिक धरतं. त्यामुळे चुकून उबुंटू उघडलं की नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे.

दाजींना कुणीतरी उपाय सांगितला: डिस्क मॅनेजमेंटमध्ये जा, ज्या भागाला ड्राइव्हचं अक्षर नाही तो उबुंटूचा, तो डिलीट मारा. त्यांनी मारला. विंडोज तेव्हा चालूच होतं, त्यामुळे काही बिघडल्याचं जाणवलं नाही, उलट जागा मोकळी झाल्याचं समाधान. दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. असा कुठलाही भाग सापडत नाही, ही एक. आणि खाली 'ग्रब रेस्क्यू' लिहून लुकलुकणारा कर्सर.

बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याने पडदा बघितला आणि निदान केलं, "हार्ड डिस्क गेली. फॉरमॅट मारून विंडोज टाकतो. डाटा काढायचे वेगळे पडतील." बहिणीचा फोन आला, "दादा, ते पैशाचं राहू दे, पण सगळी टॅली जाणार म्हणतोय. तू एकदा येऊन बघ, तोवर मी याला हात लावू देत नाही."

तिने हात लावू दिला नाही म्हणून टॅली वाचली. माझं कौतुक त्यात फारसं नाही.

झालं होतं ते असं. या जुन्या धाटणीच्या संगणकात डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा असतो. त्यातल्या ४४६ बाइटांत संगणक सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम बसतो आणि ६४ बाइटांत डिस्कचे भाग कुठून कुठवर आहेत याची नोंद. उबुंटू टाकताना त्या ४४६ बाइटांत विंडोजच्या जागी 'ग्रब' येऊन बसतं. एवढ्याशा जागेत ते पूर्ण मावत नाही. त्याचा पुढचा तुकडा त्या सेक्टरमागच्या मोकळ्या पट्टीत आणि उरलेला सगळा पसारा लिनक्सच्या भागात. लिनक्सचा भाग उडवला की सुरुवातीचं ग्रब शिल्लक राहतं, आपला पसारा शोधतं, सापडत नाही, थांबतं. भाडेकरूला घालवला, पण घराची किल्ली त्याच्याकडेच होती, त्यातला प्रकार. आत विंडोज शाबूत, टॅली शाबूत.

आणि मुळात 'ग्रब रेस्क्यू' ही अक्षरं डिस्कवरूनच वाचली गेलेली असतात. डिस्क खरोखर मेली असती तर ती उमटलीच नसती.

घरून मी विंडोज १० चा पेनड्राइव्ह तयार करून नेला होता. त्यावरून संगणक सुरू केला. भाषा विचारणारा पहिला पडदा आला की शिफ्ट आणि एफ१० एकदम दाबायचं, काळी खिडकी उघडते. तिथे 'बूटरेक', मग मोकळी जागा, तिरपी रेघ आणि लगेच 'फिक्सएमबीआर' असं इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर. ही आज्ञा विंडोजचा प्रोग्रॅम परत त्या ४४६ बाइटांत लिहिते, भागांच्या नोंदीला हात लावत नाही. पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा चालू केला, तर थेट विंडोज. दाजी म्हणाले, "एवढंच होतं होय?" हो, एवढंच.

हे ऐकून कुणी नव्या लॅपटॉपवर तीच आज्ञा चालवू नका. विंडोज ८ पासून म्हणजे २०१२ नंतर आलेल्या बहुतेक संगणकांत बायोसच्या जागी यूईएफआय आहे आणि तिथे व्यवस्था निराळी. आपला कोणता, हे बघायला रनमध्ये 'एमएसइन्फो३२' टाइप करा आणि 'बायोस मोड' ही ओळ वाचा. लेगसी असेल तर वरचं लागू. यूईएफआय असेल तर डिस्कवर फॅट३२ धाटणीचा एक छोटा ईएफआय भाग असतो, त्यात मायक्रोसॉफ्टचं फोल्डर वेगळं, उबुंटूचं वेगळं, आणि आधी कोणाला बोलवायचं ती यादी मदरबोर्डच्या स्मृतीत. म्हणजे विंडोजची किल्ली तिथे उबुंटूने घेतलेली नसते, तिचा फक्त नंबर मागे गेलेला असतो.

म्हणून तिथला क्रम मी सगळ्यांना असा सांगतो. आधी सेटअपमध्ये जाऊन 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या नंबरवर आणा. नंतर संगणक पूर्ण बंद करून दोन-तीनदा चालू करा. मधे ग्रबचा पडदा न येता विंडोज आलं, तरच पुढचं. मग लिनक्सचा भाग डिस्क मॅनेजमेंटमधून काढा. ईएफआय भागातलं उबुंटूचं फोल्डर सवडीने काढलं तरी चालतं, नाही काढलं तरी काही एमबीच अडतात. ज्याला काळ्या खिडकीची सवय नाही त्याने ते राहू द्यावं, असं माझं स्पष्ट मत. तो छोटा भागच अख्खा उडवला तर मात्र विंडोजही उठत नाही. 'अक्षर नसलेला भाग उडवा' हा सल्ला धोक्याचा आहे तो याचसाठी. ईएफआयलाही अक्षर नसतं, रिकव्हरीलाही नसतं. उबुंटूचा भाग ओळखायचा तो आकारावरून, आणि भाच्याला फोन करून.

सेटअपमध्ये शिरण्याआधी आणखी एक. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांवर बिटलॉकरचं कुलूप आपोआप लागलेलं असतं. तिथे बूटचा क्रम बदलला किंवा सिक्युअर बूट बंद केलं की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून शोधून कागदावर लिहून घ्या. ती सापडली नाही तर इथे कुठलीच आज्ञा उपयोगी पडत नाही.

दुसरा प्रकार दोन विंडोजचा, आणि हल्ली माझ्याकडे तोच जास्त येतो. जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवून नवी एसएसडी बसवतात, तिच्यावर नवं विंडोज टाकतात. मग निळ्या पडद्यावर दोन नावं आणि ३० सेकंदांची वाट. यादीतलं नाव काढणं सोपं आहे: रनमध्ये 'एमएसकॉन्फिग', तिथे बूटचा टॅब, जुन्या विंडोजवर क्लिक करून डिलीट. सध्या कोणतं चालू आहे ते शेजारी लिहिलेलं असतं, त्याला धक्का लावायचा नाही.

खरी खोच यापुढे. नाव गेलं म्हणून जुनी डिस्क फॉरमॅट करायला घेऊ नका. विंडोज बसवताना जुनी डिस्क जोडलेली असेल, तर सुरुवातीच्या फायली बऱ्याचदा जुन्या डिस्कवरच्याच ईएफआय भागात जातात. नवं विंडोज एसएसडीवर आणि त्याला उठवणारा जुन्या डिस्कवर. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' किंवा नुसतं 'सिस्टिम' हे शब्द कोणत्या डिस्कच्या ओळीत आहेत ते वाचा. दोन्हीकडे दिसले किंवा समजलं नाही, तर संगणक बंद करून प्लग काढा, जुन्या डिस्कची केबल सोडवा आणि मग चालू करून बघा. विंडोज आलं तर जुनी डिस्क मोकळी. नाही आलं तर केबल परत लावा, काहीही गेलेलं नाही. अशा वेळी एसएसडीवर ईएफआय भाग करून 'बीसीडीबूट' या आज्ञेने फायली तिथे आणाव्या लागतात, ते जाणत्याकडून करून घ्या. नवं विंडोज टाकायच्या आधीच जुनी केबल काढून ठेवली असती तर हा खटाटोप उद्भवलाच नसता.

आणि पडदा काळा झाल्यावर कुणी 'डिस्क गेली' म्हणालाच, तर त्याला सेटअपमध्ये डिस्कचं नाव दाखवायला सांगा. नाव दिसत असेल, तर पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने संगणक चालू करून फायली दिसतात का ते तुमच्यासमोर बघू द्या. तोवर फॉरमॅटला होकार देऊ नका.